सर्जेरावांच्या बहिणीचं मत

"वन्सं, तुमच्या दारातला हा झेंडा कुणी लावला?"

कुसुमनं अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती पडवीच्या खांबाला बांधलेल्या काठीकडं बघत होती. काठीवर पांढरं फडकं, फडक्यावर निळ्या रंगात काढलेली कपबशी. मी शेंगा फोडत बसले होते.

"हैबती सुतारानं," मी म्हणाले.

"तुम्हाला न विचारता?"

"विचारून. तो शिडीवर चढला, शिडी मी धरली."

कुसुम मटकन पायरीवर बसली. बिचारीचं तोंड उतरलं. नेहमी येताना जीपमधून यायची, संगं चार बायका असायच्या. त्या दिवशी एकटीच आली होती आणि जीप पार वेशीजवळ उभी केली होती, माझ्या दारात कुणाला दिसू नये म्हणून.

कुसुम माझी भावजय. माझ्या धाकट्या भावाची, सर्जेरावची बायको. सर्जेराव आमच्या गटाचा जिल्हा परिषदेचा सदस्य होता आणि पुन्हा उभा होता. त्याच्यासमोर उभा राहायला कुणी धजत नव्हतं. हैबती उभा राहिला अपक्ष म्हणून. हैबतीचा धंदा मांडवाचा. लग्न असो, बारसं असो, साहेबांची सभा असो, बांबू-कापड हैबतीचंच. ज्या माणसाच्या सभेचे मांडव घातले, त्याच्याच विरोधात उभा राहिला म्हणून लोक त्याला हसत होते. पण सर्जेरावच्या सख्ख्या बहिणीच्या दारात त्याचा झेंडा लागला आणि हसणं थांबलं. ही बातमी सांगायला भोंग्याची रिक्षा फिरवावी लागली नाही.

"लोक काय काय बोलतायत, ठाऊक आहे तुम्हाला?" कुसुम म्हणाली. "तुमच्या माहेरी, हातगेवाडीत म्हणतायत, वन्संना माहेरच्या जमिनीत वाटणी पाहिजे."

"कुणासाठी गं? मला ना लेक ना लेकरू. वाटणी घेऊन काय उशाशी घेऊन झोपू?"

"आणि तुमच्या कुसवडीत म्हणतायत, हैबतीनं कान भरले. बबन तर म्हणतो, काहीतरी करणी केलीय."

"बबनला म्हणावं, करणी करायला हैबतीला सवड कुठंय? त्याचे मांडवाचे बांबू अजून मागच्या लग्नाचे चिखलात पडलेत."

एरवी ती हसली असती. बबन म्हणजे सर्जेरावचा उजवा हात, साहेबांच्या मोबाईलपासून चपलांपर्यंत सगळं सांभाळणारा. त्याच्यावर आम्ही नणंद-भावजय पोट धरून हसायचो. त्या दिवशी तिनं पदर डोळ्याला लावला.

"ह्यांना अन्न गोड लागत नाही वन्सं. काल ताटावरून उठले. म्हणाले, सगळा गट फिरलो, शत्रूच्याही पाया पडलो, पण आक्काच्या दारावरून जाताना मला गाडीची काच वर करावी लागली."

सर्जा रांगत होता तेव्हा आमची आई गेली. मी तेव्हा परकरातली पोर. त्याला कडेवर घेऊनच मी भाकरी थापायला शिकले, त्याला कडेवर घेऊनच पाण्याला गेले. माझं लग्न झालं तेव्हा हा पाठराखणीला म्हणून संगं आला आणि परत जायलाच तयार होईना. मला घट्ट धरून बसला. शेवटी आमच्या मालकांनी त्याला खांद्यावर घेतला आणि वडलांना म्हणाले, राहू दे, दोन जीव झाले तर काय बिघडलं? असा तो माझ्या सासरी वाढला. शाळा इथंच शिकला. बाप गेल्यावर माझं माहेर म्हणजे तो एकटा. तो तुटला, की मला जायला दुसरं दार नव्हतं. आणि हे त्या हातभर फडक्यापायी होणार होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"मग का करताय असं?" कुसुम म्हणाली. "दाजींचं झालं त्यामुळं का? पण त्यात ह्यांचा काय दोष, सांगा बरं. ते तर उन्हातान्हात पायात चप्पल नसताना धावत आले."

"आला. मी कधी नाही म्हणाले?"

"मग?"

मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "कुसुम, चहा ठेवते. बिनसाखरेचा ना?"

ती चहा न घेताच उठली. जाताना माझ्या पाया पडली मात्र. संस्कार कुठं जातात?

आमच्या मालकांचं कसं झालं, हे सगळ्या गटाला पाठ होतं. सगळे एकाच तऱ्हेनं सांगायचे.

आमची कुसवडी धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडं. दवाखाना, बाजार, कचेरी सगळं पलीकडं, हातगेवाडीवरून पुढं तालुक्याला. पूर्वी होडी होती. गाडीनं जायचं तर धरणाला वळसा घालून जायचं, त्यात अर्धा दिवस जायचा. सर्जेरावनं खटपट करून पूल मंजूर करून आणला. हे मात्र त्याचंच काम, कुणी नाकारू नये. पूल झाला. कठडे लागले, रंग लागला. होडीवाल्यानं होडी काठावर पालथी घातली आणि तो पोराकडं पुण्याला निघून गेला. पण पूल उघडला नव्हता. मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. दोन्ही तोंडांना दगड आणि डांबराची पिंपं लावून पूल बंद ठेवला होता. माणसानं काय, शेरडानंसुद्धा त्याच्यावर पाय ठेवायचा नाही, पहिलं पाऊल मंत्र्यांचं. लोकांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. नव्या घरात वास्तुशांतीआधी कुणी चूल पेटवतं का? तसंच ते.

मग तारीख मिळाली. हैबतीनं आमच्या बाजूच्या तोंडावर रस्ता अडवूनच स्टेज बांधलं, कारण मंत्री स्टेजवरून उतरले की सरळ फितीसमोर यायला हवे होते. त्याच आठवड्यात एका दुपारी मालकांच्या छातीत कळ आली. शेजारच्या लालाच्या पिकअपमध्ये गादी टाकून मी त्यांना घेऊन निघाले. पुलाच्या तोंडाशी आलो तर हा मांडव. मांडव काढून वाट करेपर्यंत उशीर झाला. साहेब स्वतः धावत आले, पण वेळच आली होती, तिथं कुणाचं काय चालतंय. लोक सांगायचे ते एवढंच.

सर्जानं माझ्यासाठी काय करायचं ठेवलं नाही. मालकांना खांदा दिला. तेराव्यापर्यंत इथंच ओट्यावर बसून राहिला. रडला तो खरं रडला, पुढाऱ्यासारखं नाही. आम्ही वाढवलेलं पोर, त्याला का रडू येणार नाही? माझी पेन्शन त्यानं करून दिली, छपरावर नवे पत्रे घातले, दारात नळ आणला. पुलाचं उद्घाटन नंतर साधेपणानं झालं. मंत्री भाषणात म्हणाले, की आपण सदस्यसाहेबांच्या दुःखात सहभागी आहोत. टाळ्या वाजल्या. आता दुःखाला कुणी टाळ्या वाजवतं का? पण सवय.

दुःखाला भेटायला शेकड्यानं माणसं आली. सगळ्यांच्या तोंडी एकच, वेळ आली होती, तुम्ही तरी काय करणार. मी मान हलवायचे.

आणि मग, सगळी गर्दी ओसरल्यावर, हैबती आला.

आला तो ओट्यावर चढला नाही. खालीच, मातीत उकिडवा बसला. मी म्हणाले, "वर ये की रे."

"इथंच बरंय, वैनी."

काडीनं मातीत रेघा ओढत राहिला. मला वाटलं, ह्याला कामाबद्दल काही सर्जाकडं शब्द टाकायचा असेल. मग एकदम म्हणाला, "वैनी, मी पहार खाली ठेवली."

"कसली पहार?"

"त्या दिवशी. लाला ओरडत आला तसा मी स्टेजच्या कोपऱ्याचा बांबू उखडायला घेतला. हलला होता तो. अजून दोन बांबू काढले असते, फळ्या सरकवल्या असत्या आणि दोन्ही तोंडांची पिंपं ढकलली असती, तर पिकअप निघत होती. आम्ही चांगली सात-आठ माणसं होतो. तेवढ्यात बबननं साहेबांना फोन लावला आणि ओरडला, 'साहेब म्हणतायत, कुणी कशाला हात लावू नका, मी आलोच.' आणि मी पहार खाली ठेवली. का ठेवली, वैनी? माझाच मांडव, माझेच बांबू. पण साहेब येतायत म्हटल्यावर हातच चालेना. आम्ही सगळे पुलाकडं तोंड करून उभे राहिलो, साहेब कधी दिसतायत म्हणून."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. गडी माणूस, सहा फुटी, मातीत बसून हुंदके देत होता.

"सगळे म्हणतात वेळ आली होती," तो म्हणाला. "वेळ नव्हती आली, वैनी. आम्ही उभे होतो."

मी आत गेले, तांब्या भरून आणला, त्याच्यापुढं ठेवला. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. माझ्या मनात जे खिळ्यासारखं रुतलं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलं होतं.

कारण बबनचं ते ओरडणं मीही ऐकलं होतं. पिकअपच्या हौद्यात आम्ही दोघंच होतो, मी आणि मालक. लालासुद्धा उतरून पुढं पळालेला. मालकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घामानं निथळत होते, पण शुद्धीवर होते. बोलत होते. बबनचं ओरडणं ऐकून मला धीर आला. सर्जा येतोय, आता काही काळजी नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "सर्जा येतोय हं."

ते म्हणाले, "येऊ दे की. तोवर हैबतीला काढू दे बांबू."

मग जरा वेळानं म्हणाले, "शेरडीला पाणी दाखवलंस का?"

मी म्हणाले, दाखवलंय. ते म्हणाले, "सर्जा कुठवर आला?" मी मान उंच करून बघितलं. मांडवाच्या कापडावरून पूल दिसत होता. मोकळा, नवाकोरा, रंगवलेला. त्या टोकाला गाडी थांबली आणि सर्जा पिंपांवरून उडी मारून पुलावर आला आणि धावायला लागला. पांढऱ्या कपड्यांत, एकटाच. मी म्हणाले, "दिसला बघा, दिसला." खाली बघितलं तर मालकांचे डोळे उघडे होते, पण ते बघत नव्हते.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हैबतीलाही नाही. सांगितलं असतं तर तो जन्मभर त्या पहारेखाली दबून मेला असता.

पुढं निवडणूक लागली तसा हैबती पुन्हा आला. उभा राहतो म्हणाला. मी म्हणाले, "अरे, तुला कोण ओळखतं? डिपॉझिट जाईल."

"जाऊ दे. पण वैनी, कुणाची वाट न बघता काम करील असा एक माणूस तर उभा राहू दे. निवडून नाही आलो तरी लोकांना दिसेल, की उभं राहता येतं."

मी म्हणाले, "शिडी आण. झेंडा माझ्या दारात लाव."

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी सर्जा आला. अखेर आला. दोन गाड्या, बबन, आणखी पाच-सहा जण. अंगणात येऊन सगळे चुळबुळत उभे राहिले. कुणी झेंड्याकडं बघेना, कुणी माझ्याकडं बघेना. सर्जा माझ्या पाया पडला. केस काळेभोर केलेले, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं. घसा बसलेला.

"आक्का, मी काही मागायला आलो नाही," तो म्हणाला. "मत गुप्त असतं, तू कुणालाही दे. पण हे फडकं काढ. लोक माझ्या तोंडावर हसतात. म्हणतात, बहिणीला सांभाळता आलं नाही, गट काय सांभाळणार."

"ह्यांना बाहेर थांबायला सांग."

बबन म्हणाला, "आक्का, आमच्यापासून काय लपवायचंय?"

"बबन, तू वेशीपर्यंत चालत जा बरं. पोट कमी होईल."

ते गेले. आम्ही दोघंच उरलो. मी त्याच्यासमोर पाटावर बसले. इतके महिने मनात घोळवलेलं वाक्य अखेर तोंडातून काढलं.

"सर्जा, एकच विचारते. त्या दिवशी बबनला फोनवर काय म्हणालास?"

त्यानं खालचा ओठ दातात धरला. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की असंच करायचा.

"मी लगेच निघालो, आक्का. जेवणावरून उठलो. गाडी किती जोरात आणली, ड्रायव्हरला विचार."

"ते नाही विचारत मी. तू जोरात आलास, हे मी डोळ्यांनी बघितलं. फोनवर काय म्हणालास?"

"डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पहिलाच झटका मोठा होता. पलीकडं नेलं असतं तरी…"

"सर्जा."

"काय ऐकायचंय तुला?" तो ओरडला. घसा बसल्यानं आवाज फाटला. "मी मारलं म्हणू दाजींना? ज्यांनी मला खांद्यावर वाढवलं, त्यांना?"

"तसं कोण म्हणतंय रे? तू फक्त जे म्हणालास ते म्हण. माझ्यापुढं. एकदाच. चार भिंतींत. तुझ्या गळ्याची शपथ, आत्ता उठून झेंडा उतरवते. उद्या तुझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मताला जाते."

हेच ते. लोक म्हणत होते वाटणी, लोक म्हणत होते करणी. मला त्याच्याकडून एवढं एक वाक्य पाहिजे होतं. 'मी थांबा म्हणालो, आक्का, चुकलं.' पेन्शन नको होती, पत्रे नको होते. सगळं गाव मला सांगत होतं की वेळ आली होती, आणि मला ठाऊक होतं की माझ्या माणसानं शेरडीच्या पाण्याची चौकशी केली होती. जो माणूस शेरडीचं विचारतो त्याची वेळ आलेली नसते. हे माझ्या भावानं एकदा कबूल केलं असतं, तर मी ते दुःख त्याच्या संगं वाटून घेतलं असतं. तो मान्यच करत नव्हता, म्हणून ते सगळं माझ्या एकटीच्या उरावर होतं.

सर्जानं मान खाली घातली. एकदा त्यानं तोंड उघडलंही. मला वाटलं, आलं आता. पण बाहेरून बबनची हाक आली, "साहेब, पलीकडच्या वाडीवर लोक थांबलेत!" आणि तो उठला. कपड्याची घडी झटकून सरळ केली. एका क्षणात माझा सर्जा जाऊन साहेब झाला.

"भाऊबीजेला मला बोलवू नकोस मग," दारातून म्हणाला. मागं वळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत मताला गेले. चालत गेले. बायका रांगेत माझ्यापासून जरा सरकून उभ्या होत्या. आत पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले आणि यंत्रावर बघितलं तर सर्जाचं नाव सगळ्यात वर. सर्जेराव. हे नाव मी ठेवलेलं. आई बाळंतीण होती, वडील म्हणाले तू सांग, आणि आमच्या बैलाचं नाव सर्जा होतं म्हणून मी तेच सांगितलं. माझं बोट तिथंच थांबलं. बाहेरून बाई म्हणाल्या, "आजी, झालं का?" मी पदर तोंडात धरला आणि कपबशी दाबली. तिथून बाहेर आले ती सरळ घरी. सोप्यात भिंतीला टेकून बसले. माझ्या माहेराची होळी मी स्वतःच्या हातानं केली, असंच मला वाटत होतं.

हैबती निवडून आला. थोडक्याच मतांनी, पण आला. तालुक्यानं तोंडात बोट घातलं. लोक सांगायचे, आमच्या कुसवडीनं आणि आसपासच्या वाड्यांनी फिरवलं. सख्खी बहीण उलटली म्हणजे काहीतरी असणार, असं बायकांच्यात झालं आणि बायकांनी गुपचूप बटणं दाबली. गुलालाची मिरवणूक माझ्या दारात आली, पण मी दार लावून घेतलं. हैबती शहाणा, त्यानं ओळखलं. वाजंत्री बंद करून त्यानं सगळ्यांना पुढं नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. एसटी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बघते तर सर्जा येतोय. एकटा. एसटीनं आला होता. त्याला एसटीतून उतरताना मी कॉलेजनंतर कधी बघितलं नव्हतं. गाडी होती की त्याच्या दारात, पण ड्रायव्हर आला नाही म्हणाला. बबनचा फोन लागत नव्हता.

ओट्यावर चढला आणि टेकून बसला. दाढी वाढलेली, काळ्या केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं. मी हात धुतले, चहा केला. त्यानं कपबशी हातात घेतली, बघितली, आणि आम्हा दोघांनाही एकदम हसू आलं. हसता हसता त्याचा चेहरा चुरगळला.

"आक्का," तो म्हणाला, "मीच म्हणालो. कुणी हात लावू नका, मी आलोच, असं म्हणालो."

मी त्याच्याजवळ सरकून बसले.

"मला वाटलं, आक्कासाठी पूल मी स्वतः उघडावा. लोकांनी बघावं. मंत्री गेला उडत, माझ्या दाजींची गाडी पहिली जाईल, असं वाटलं मला. चांगलंच वाटलं होतं गं. पण मी येईपर्यंत थांबा म्हणायला नको होतं. मी पुलावरून धावत होतो ना, तेव्हाच मला कळलं होतं. सगळी माणसं मांडवापाशी नुसती उभी. कुणाचा हात चालत नव्हता. माझ्याकडं बघत होती." त्यानं कप खाली ठेवला. "झोप येत नाही आक्का. तेव्हापासून. कुसुमला वाटतं निवडणुकीमुळं. डोळे मिटले की मी त्या पुलावर धावत असतो, आणि पूल संपत नाही. खरं सांग मला. तू होतीस तिथं. मी थांबा म्हणालो नसतो, तर दाजी जगले असते का?"

इतके दिवस मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. माझं माहेर त्यापायी पणाला लावलं होतं. आणि ते आलं, तेव्हा माझ्यासमोर साहेब नव्हता, सदस्य नव्हता. आई गेल्यावर जे रांगतं पोर माझ्या हाती आलं होतं, ते होतं. त्याला मी खरं सांगितलं असतं, तर त्यानं त्या दिवशीच पुलावरून पाण्यात उडी घेतली असती. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं.

"सर्जा, इकडं बघ," मी म्हणाले. "बबननं तुला फोन लावला ना, त्याच्या आधीच सगळं संपलं होतं."

त्यानं मान वर केली.

"वाटेतच गेले ते. ओढ्यापाशी. माझ्या मांडीवर. मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं दवाखान्यापर्यंत तरी जाऊ, डॉक्टर बघू देत. पूल उघडा असता तरी मी मढंच पलीकडं नेणार होते."

"खरं?"

"खरं."

"आईची शपथ?"

त्याला आई आठवतसुद्धा नव्हती. त्याची आई मीच.

"आईची शपथ," मी म्हणाले.

तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मग जेवला. मेथीची भाजी होती, भाकरी होती, मागून मागून जेवला. आणि सोप्यात घोंगडी टाकून जो झोपला, तो ऊन कलेपर्यंत उठला नाही. घोरत होता. मी दारात बसून माशा वारत होते.

पुढं तो बरीच वर्षं जगला. पुन्हा कधी उभा राहिला नाही. दर भाऊबीजेला यायचा, कुसुमला घेऊन. गेला तोही झोपेतच गेला, शांतपणे. लोक म्हणतात, आक्कानं भावाला पाडलं, पण भावानं मनात ठेवलं नाही. किती मोठं मन. मीही हो म्हणते.

त्या दिवशी मात्र, तो झोपलेला असताना, मालकांच्या फोटोकडं माझ्यानं बघवेना. हैबतीला काढू दे बांबू म्हणाले होते, शेरडीचं विचारलं होतं, सर्जा कुठवर आला म्हणाले होते. त्यांचं शेवटचं बोलणं ऐकलेलं दुसरं कुणी नव्हतं. ते मी माझ्या तोंडानं नाही म्हणून टाकलं. संध्याकाळी दिवा लावला, फोटोसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "रागावू नका. तुम्हीच त्याला खांद्यावर घेतला होता."

आणि मग मला फार रडू आलं. आवाज न करता रडले, तो उठू नये म्हणून.